भर दुपारी सात नंबरचा माग

खाजाभाईचा खरा आवाज कसा आहे, हे मला गेल्या उन्हाळ्यात कळलं. त्याआधी निम्मं आयुष्य मी त्याला ओळखत होते, पण तो बोलायचा ते ओरडूनच. "अक्का, चहा झाला का?" एवढं विचारायचं तरी सगळ्या गल्लीला वाटायचं की भांडण लागलंय.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत चनमल्लप्पा मालकांचा टॉवेलचा कारखाना आहे, त्याच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडं माझं घर. मी आपली ओट्यावर बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई. खाजाभाई शेजारच्या घरात. तो त्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग बिघडला की नीट करून देणारा. कुठं पट्टा सैल झाला, कुठं आडवं सूत नेणारा धोटा उडून बाहेर आला, की विणकर हात वर करायचा आणि खाजाभाई पाना घेऊन निघायचा. त्याची बायको साबेरा तिथंच कांड्या भरायला होती. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची गुंडाळी. ती भरून भरून साबेराच्या बोटांना अशी सवय लागली होती की लग्नाच्या पंगतीत बसली तरी बोटं आपली फिरतच.

आत मागांचा आवाज एवढा, की तिथं माणसाच्या बोलण्याला जागाच नाही. सगळा कारभार हातांनी. अंगठा ओठाला लावला की चहा, कपाळाला हात लावला की मालक आले. सात नंबरच्या मागावर नरसय्या म्हणून तेलुगू विणकर होता. खाजाभाईची आणि त्याची घट्ट मैत्री. दोघं दिवसभर हातवारे करून हसायचे. एकदा मी खाजाभाईला विचारलं, नरसय्याचा आवाज कसा आहे रे? तर तो विचारात पडला. म्हणाला, "ते कधी लक्षात आलं न्हाय, अक्का."

दोन वर्षांमागं वैशाखात, भर दुपारी, नरसय्या मागापाशीच खाली बसला आणि उठला नाही. पत्र्याची शेड, वरून आग, आत मागांची धग. शेजारच्याला वाटलं, बसलाय दम खायला. सात नंबर तेवढा वेळ चालूच होता. कांडीतलं सूत संपलं आणि माग आपोआप थांबला, तेव्हा लोकांनी वळून पाहिलं. विणकर एकवेळ फसेल, पण कांडी संपली की माग थांबतोच, त्याला दुसरं माहीतच नाही.

मालकांची सून चेतना त्याच सुमारास पुण्याहून शिकून आली होती. सासऱ्यांचे गुडघे गेलेले, म्हणून कारखाना तीच बघू लागली. नरसय्याच्या घरी जाऊन आल्यावर ती दोन दिवस भर दुपारी शेडमध्ये उभी राहिली म्हणतात. मग कामाला लागली. पत्र्याला वरून पांढराशुभ्र रंग दिला. त्या पत्र्यावर सोलरच्या काळ्या फळ्या बसवल्या. रंगखात्यातला कोळसा बंद केला. रंगाचं पाणी गाळून परत वापरायला लागली, त्यामुळं फाटकाबाहेरचं गटार, जे रोज एका रंगाचं वाहायचं, ते कोरडं पडलं आणि गल्लीतल्या पोरांचा एक खेळ गेला. ती म्हणायची, परदेशातलं गिऱ्हाईक आता टॉवेल मऊ आहे का एवढ्यावर थांबत नाही. तो विणताना माणूस किती उन्हात उभा होता, तेही विचारतं. मी म्हटलं, बाई, अंग पुसायला एवढी चौकशी! पण मनातनं बरं वाटलं.

आणि शेवटी तिनं दुपार बंद केली.

शेडमध्ये भिंतीवर उष्णता मोजायचं एक गोल घड्याळ लावलं, त्यावर लाल रेघ मारली. काटा रेघेला टेकला की सगळे माग बंद. उजाडायच्या आत काम सुरू करायचं, ऊन चढलं की थांबायचं, ऊन उतरलं की परत. मधल्या वेळेत कुलूप.

"आन् ऑर्डर?" खाजाभाईनं ओरडून विचारलं.

"उशिरा जाईल, चाचा."

"गिऱ्हाईक थांबतंय व्हय?"

"मी लिहून विचारलंय. थांबतो म्हणालं."

आजूबाजूचे कारखानेवाले हसले. चनमल्लप्पाच्या सुनेनं कारखान्याला दुपारची झोप लावली म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्यातल्याच दोघांनी येऊन ते घड्याळ कुठनं आणलं ते विचारलं, ती गोष्ट वेगळी.

पहिल्या दुपारी काटा रेघेला टेकला, माग थांबले, आणि धुळा वॉचमननं शेडला साखळी घालून कुलूप लावलं. मी ओट्यावरच होते. काय सांगू, इतक्या वर्षांत दिवसाढवळ्या तो आवाज कधी थांबला नव्हता. वीज गेली तरी कुठला ना कुठला शेजारचा कारखाना चालू असायचा. त्या उन्हाळ्यात दुपारची वीजच तोडत होते, म्हणून शेजारचे बंद, चालायचा तो सोलरवरचा हाच. त्या दिवशी आमच्या बाजूला अख्खं रान मोकळं झाल्यासारखं वाटलं. माझ्या घरातलं घड्याळ टिकटिक करतं, हे मला तेव्हा कळलं. कात्रीनं पाला कापला तर त्याचा आवाज एवढा आला, की मी कात्री खाली ठेवली.

कारखान्याच्या आवारात कडुलिंबाचं मोठं झाड आहे. त्याखाली सगळे पथाऱ्या टाकून आडवे झाले होते. थोड्या वेळानं एक उठून बसला. मग दुसरा. मग सगळेच. आणि सगळ्यांनी एकाच बाजूला मान वळवली. शेडकडं. वारा आला की ज्वारीचं रान एका बाजूला कलतं ना, तसं. फक्त वारा नव्हता.

"कोण चालवतंय?" एकानं विचारलं.

"सात नंबर हाय," दुसरा म्हणाला.

कुणी हसलं नाही. धुळानं जाऊन कुलूप काढलं. आत सगळे माग गप्प. सात नंबरही गप्प. कुलूप लावून तो परत आला, बसला, आणि त्यानंही मान तिरकी केली.

खाजाभाई रस्ता ओलांडून माझ्याकडं आला. "अक्का, ऐकू येतंय न्हाय?"

मी ऐकलं. नीट, पदर कानामागं घेऊन ऐकलं. एक कावळा ओरडत होता. बाकी काही नाही.

"न्हाय की रे," मी म्हटलं.

तो माझ्याकडं असा बघत राहिला, जसं काही मीच बहिरी. आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही तसंच वाटलं. ज्यांचे कान गेलेले, त्यांना सगळ्यांना ऐकू येतंय. आणि सुई पडली तरी जिला कळतं, तिला येत नाही.

असं रोज होऊ लागलं. काटा रेघेवर गेला, माग थांबले, की झाडाखालची माणसं उठून बसणार. चेतनानं कानाचा डॉक्टर आणला. त्यानं एकेकाचे कान तपासून सांगितलं, की सगळ्यांचे कान आवाजानं गेलेत. इतकी वर्षं गोंगाट चालू होता म्हणून कळलं नाही. आता शांत झालं की कान आपला जुना आवाज आपणच काढत बसतात. भुताटकी नाही, आजार आहे. डॉक्टर बिचारा हळू आवाजात बोलणारा. निम्म्या लोकांना वाटलं तो त्यांची तारीफ करतोय. त्यांनी हसून माना डोलावल्या. मग चेतनानं मोठ्या आवाजात परत सांगितलं, तेव्हा कळलं.

त्यानंतर लोकांची भीती जरा गेली. थट्टा सुरू झाली. "कानातला माग चालू झाला बग, आता झोप." "तुझ्या कानात टॉवेल निगतोय का चादर?" असं करत करत ते डोळे मिटायला शिकले.

खाजाभाई शिकला नाही.

"माज्या कानातला असता तर माज्यासंगट घरी आला असता," तो मला म्हणाला. "घरी येत न्हाय, अक्का. फाटकापातुर येतो आन् थांबतो. आन् तो सातच हाय. त्याचा एक ठोका लंगडा पडतो. मी लई येळा नीट केला, परत लंगडतो. तो ठोका मी मेल्यावर बी वळकीन."

"डॉक्टरला सांगितलं?"

"डॉक्टरनं सात नंबर बगितलाय का?"

मी पान उचलून पुढची विडी वळायला घेतली.

मग तो दुपारी आत जाऊ लागला. त्याच्याकडं किल्ली होती. भर उन्हात, कुलूप काढून, आत जाऊन सात नंबरपाशी उभा राहायचा. माग बंद आहे हे हात लावून बघायचा आणि बाहेर यायचा. बाहेर आला की परत ऐकू यायचं. परत आत. बाहेर येताना अंगावरचा सदरा ओला, चेहरा असा की त्यातलं कुणी तरी आतच राहिलंय. पांढऱ्या पत्र्यानं आतली आग कमी झाली होती खरी, पण दारं-खिडक्या बंद असलेली शेड ती. तव्याला चुना लावला म्हणून त्यावर कुणी बसत नाही. त्यातनं खाजाभाईला रक्तदाबाचा त्रास, दोनदा चक्कर येऊन गेलेली. नरसय्या तरी कुठं आजारी होता?

साबेरा माझ्याकडं येऊन रडली. तिचा आवाजही तसाच मोठा. रडली तरी रस्त्यापर्यंत ऐकू जायचं, म्हणून मी तिला आत घेतलं.

"अक्का, क्या बोलूँ, मानत न्हाईत. म्हन्तात नरसय्याचं काम अडलंय. एक दिवस तितंच पडतील आन् आमाला कळनार न्हाय."

"किल्ली काढून घ्यायला सांग मॅडमला."

"सांगितलं. घेतली बी त्यांनी." ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "पन रंगखात्याकडनं एक बारकं दार हाय. त्याची कडी ह्यांनीच बसवलीया. अक्का, तुमचे कान शाबूत हाईत. माज्या कानाचा भरोसा न्हाय, मला ते रोजच ऐकू येतं. खरंच माग चालू झाला तर मला सांगशीला?"

"अगं, माणूस असल्याशिवाय माग चालू कसा होईल?"

"म्हनूनच," ती म्हणाली.

तेव्हापासून माझं ते एक काम झालं. दुपारी विड्या वळायच्या आणि ऐकायचं. होऊ नये तो आवाज होतोय का, ते ऐकत बसणं लई वाईट. रस्त्यावर चिटपाखरू नाही. डांबर मऊ पडलेलं. पांढऱ्या पत्र्याकडं बघितलं तर डोळ्यांपुढं काळं यायचं आणि त्या काळ्यात शेड हलल्यासारखी दिसायची. कुत्री गटारात निजलेली, तीही मधूनच डोकं उचलायची आणि कशाकडं बघतायत ते कळायचं नाही. खाजाभाई झाडाखाली दिसला की मला बरं वाटायचं. तो उठून मागच्या बाजूला गेला की माझ्या हातातली विडी सैल व्हायची. तो परत येईपर्यंत मी दोरा बांधत नव्हते. विड्या मोजून घेणाऱ्या आमच्या ब्रँचवाल्यानं माझ्या सैल विड्या बाजूला काढल्या. म्हणाला, आजी, तुमचा हात बिघडला. मी म्हटलं, माझा नाही बाबा, शेजाऱ्याचा कान बिघडलाय. त्याला काय कळणार.

आणि एक दिवस मला ऐकू आलं.

खाजाभाई मागच्या बाजूला जाऊन बराच वेळ झाला होता. आधी वाटलं शेजारचा कारखाना. पण दुपारची वीज गेलेली, ते सगळे बंद. ठक-ठक, ठक-ठक, ठक, आणि एक ठोका लंगडा. वाटलं, झालं, इतके दिवस कान लावून बसले, आता माझ्याही कानात ते घुसलं. माणसानं एखाद्या गोष्टीची एवढी वाट बघू नये.

मी दोन्ही कानांत बोटं घातली.

आवाज गेला.

बोटं काढली. आवाज आला.

परत घातली. गेला. कानातला आवाज बोटानं जात नाही, एवढं माझ्या दुसरीपर्यंतच्या शाळेलाही कळतं. म्हणजे सात नंबर चालू होता. कुलूप लावलेल्या शेडमध्ये, बाराच्या उन्हात.

मी साबेराच्या दारावर थाप मारली, तिला हातानं खूण केली आणि तशीच अनवाणी रस्त्यावर उतरले. पाय भाजत होते. फाटकातनं आत शिरले, झाडाखाली सगळे आडवे.

"अरे उठा! माग चालू हाय आत! खाजाभाई आत हाय!"

एकानं डोळा उघडला. "आजी, आता तुमच्याबी कानात शिरला व्हय!"

सगळे हसले. "या, या, जागा हाय, झोपा हितं. आठ दिवसांत सवय व्हती."

"अरे मुडद्यांनो, खरंच चालू हाय!"

"आमाला बी खरंच वाटत होतं की."

माझा जीव तिथंच जायची वेळ आली. त्यांचंही चुकलं म्हणता येत नव्हतं. तोच आवाज, तोच लंगडा ठोका, त्यांना रोज ऐकू येत होता. डॉक्टरनं खोटा म्हणून सांगितलेला, त्यांनी मोठ्या कष्टानं खोटा मानलेला. आता खरा आला तर त्यांनी ओळखायचा कशानं?

धुळा खाटेवर निजला होता. मंद्रूपकडचा धनगर, अंगानं आडदांड. मी त्याचं मनगट धरलं आणि ओढत नेलं. म्हातारीनं ओढलं म्हणून तो हसत हसत आला. शेडच्या पत्र्याच्या भिंतीपाशी नेऊन मी त्याचा पंजा पत्र्यावर दाबला. पत्रा तापलेला. तो ओरडून हात काढायला गेला, आणि थांबला.

पत्रा थरथरत होता. ठोक्या-ठोक्याला.

धुळाच्या तोंडावरचं हसू गेलं. त्यानं हात काढला नाही. झाडाखालच्यांनी ते बघितलं आणि ते एकेक उठून आले. एकेकानं पत्र्यावर पंजा ठेवला. भाजत असताना ठेवला. साबेरा पोचली, तिनं दोन्ही हात ठेवले आणि गाल टेकवला. ओळीनं एवढी माणसं त्या पांढऱ्या उन्हात भिंतीला हात लावून उभी, आणि भिंत त्यांच्या हाताखाली धडधडतेय. आतनं कुणी तरी चालवत असल्याशिवाय भिंत अशी धडधडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"किल्ली!" मी ओरडले.

धुळा भानावर आला. कुलूप काढलं. साखळी खळकन खाली पडली, आणि त्याच क्षणी आतला आवाज थांबला. मला ऐकू आलं थांबलेलं. बाकीच्यांना हाताला कळलं.

आतनं धग आली ती तोंडावर वाफेसारखी. खाजाभाई सहा आणि सात नंबरच्या मधल्या वाटेवर पडला होता, कुशीवर, शहाण्या पोरासारखा हात गालाखाली घेऊन. अंग कोरडं ठणठणीत, चटका बसेल एवढं तापलेलं. त्याला चौघांनी उचलून झाडाखाली आणलं. ओली पोती अंगावर टाकली, डोक्यावर पाणी ओतत राहिले. कुणी तरी चेतनाला बोलावलं. ती चप्पल न घालता पळत आली, आणि टेम्पोत त्याचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यापर्यंत गेली.

पुरुष त्याला नेण्याच्या गडबडीत होते तेव्हा मी जरा मागं राहिले होते. नसते राहिले तर बरं झालं असतं. सात नंबरचा चालू-बंद करायचा दांडा बंद बाजूला ओढलेला होता. आणि धोट्यात कांडी बसवलेली होती, ती भरलेली. पूर्ण भरलेली. साबेरानंच टेम्पोत चढायच्या आधी, सवयीनं, तिला बोट लावलं होतं. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि हात झटकला.

एक कांडी किती चालते ते आता मलाही माहीत झालंय, जेमतेम चार-पाच मिनिटं. खाजाभाईची शुद्ध हरपून बराच वेळ झाला होता, असं डॉक्टर म्हणाले. मग मी रस्ता ओलांडला, त्या मुडद्यांशी भांडले, धुळाला ओढलं, सगळ्यांनी हात लावून बघितलं, तोवर कांड्या बदलत कोण होतं? बारक्या दाराला आतनं कडी होती. धुळानं बघितलं, आत दुसरं कुणी नव्हतं. काहीजण म्हणतात, खाजाभाईनं शुद्ध जायच्या आधीच दांडा ओढला असेल आणि आम्हाला सगळ्यांना उन्हानं भास झाला. सगळ्यांच्या पंजांना एकदम भास झाला, असं म्हणायचं आहे त्यांना.

खाजाभाई वाचला. डॉक्टर म्हणाले, शेडचा पत्रा पूर्वीसारखा काळा-तांबडा असता तर जिवंत आणलाच नसता तुम्ही. पांढऱ्या रंगानं आत जेवढं कमी तापलं, तेवढ्यावर हा माणूस परत आलाय. ते ऐकून चनमल्लप्पा मालक, जे त्या रंगाच्या खर्चावरनं सुनेशी दोन महिने बोलले नव्हते, ते गुडघे चोळत राहिले.

दवाखान्यात मी भेटायला गेले. खाजाभाई उशाला टेकून बसला होता. "या अक्का," म्हणाला, आणि मी दचकले. हळू, मऊ, जरा बारीक आवाज. एवढ्या वर्षांत तो असा बोलतो हे मला माहीतच नव्हतं.

"ओरडत का न्हाईस?"

"कशाला वरडू? कानात शांत हाय," तो म्हणाला. "बगा, मी आत गेलो तवा तो चालू होता. मी चालू केला न्हाय. खुदा की कसम. मी बाजूला बसलो. आन् बसलो तसा कानातला आवाज गेला. समदा. चालत्या मागाच्या शेजारी बसून एवढी शांतता, अक्का, मी जल्मात बगितली न्हाय. उठू वाटंना."

"आणि कांडी कुणी बदलली?"

"मला वाटलं तुमी कुनी तरी आलाव."

साबेरा पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिला एवढं हळू बोललेलं ऐकू आलं नव्हतं, पण ओठ वाचता येतात तिला. ती पुढं आली आणि तिच्या त्या मोठ्या आवाजात, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं तिनं विचारलं, "परत जाशीला?"

खाजाभाईनं चादरीची घडी मोडली, परत घातली.

घरी आल्यावर दोन-चार दिवसांत त्याला परत ऐकू येऊ लागलं, आणि आवाजही परत चढला. चेतना भेटायला आली. त्याचं सगळं ऐकून ती हसली नाही, आणि हो-ला-होही केलं नाही. ती एवढंच म्हणाली, "चाचा, सात नंबर मोडीत काढते."

"नक्को," तो म्हणाला. "माग काडून आवाज जातोय व्हय? मग तो कुटं बी वाजंल."

जाताना दारात थांबून मला म्हणाली, "आजी, माझं एक राहिलं. मी दुपार बंद केली, पण त्या दुपारीत माणसांनी करायचं काय, ते मी ठरवलंच नाही."

तिनं लिंबाशेजारी एक लांबलचक निवारा बांधला. वर पांढरं छत, बाजूंनी वाळ्याचे पडदे, आणि आत एक मोठा पत्र्याचा कूलर. भर दुपारी माग बंद असतात तेव्हा सोलरची वीज भरपूर उरते, ती त्याला देऊन टाकली. कूलर एवढा आवाज करायचा, की नवा माणूस आत टिकणार नाही. आमच्या लोकांना मात्र ती अंगाई झाली. पहिल्याच दुपारी सगळे असे झोपले की काटा खाली आला तरी उठेनात. खाजाभाई कूलरच्या अगदी तोंडाशी पथारी टाकून घोरायला लागला. साबेरा त्याचा डबा घेऊन तिथंच बसायची, आणि तिनं हाक मारली म्हणून मीही माझं सूप घेऊन जाऊ लागले. गार वाऱ्यात विड्या बऱ्या वळतात.

असे दिवस गेले. मला वाटलं, सुटलो आपण.

एका दुपारी कूलर मधेच घरघरला, अडखळला आणि बंद पडला.

कुणी त्यांना उठवलं नाही. पण झोपलेली सगळी माणसं एकाच वेळी उठून बसली. डोळे नीट उघडलेही नव्हते, आणि सगळ्यांनी शेडकडं मान वळवली होती. पडद्यातनं गळणाऱ्या पाण्याचे थेंब तेवढे वाजत होते. मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं, निदान मी तसं ठरवलं. कानात बोटं घालून बघायचं धाडस मला झालं नाही, हे कबूल करते.

खाजाभाई उभा राहिला.

साबेरानं माझं मनगट धरलं. तो निवाऱ्याच्या तोंडापर्यंत गेला. ऊन त्याच्या पायापर्यंत आलं होतं, त्यानं एक पाय उन्हात ठेवला. पुढं शेडचं दार, त्याला साखळी, साखळीला कुलूप. तो तसाच उभा राहिला. पाठीमागनं त्याची मान दिसत होती, ती ठोक्याला हलावी तशी हलत होती. साबेरानं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मग खाजाभाई वळला. कूलरपाशी आला, गुडघ्यावर बसला, पाठीमागचं झाकण काढलं. वाळ्याची काडी पंख्यात अडकली होती. ती त्यानं दोन बोटांनी काढली, पंखा एकदा हातानं फिरवला आणि बटण दाबलं. गोंगाट परत सुरू झाला. सगळी माणसं, जशी उठली होती तशीच, एकदम आडवी झाली.

"बगताव काय, अक्का?" तो ओरडला. "वळा की विड्या!"

आणि शेडकडं पाठ करून झोपला. साबेरानं त्याच्या पायावर आपला पदर टाकला आणि पदराचं टोक मुठीत धरून तीही लवंडली. मी मात्र हातातली विडी तशीच धरून, त्या कुलपाकडं बघत बसले. सगळेच झोपले होते. कुणी तरी बघत बसायला पाहिजेच की.